एक्लिप्स : टीमची सामायिक सेटिंग्ज इम्पोर्ट केली आणि सगळे प्रोजेक्ट लाल झाले

रानजाई
नमस्कार मंडळी. नव्या टीममध्ये रुजू झाले आहे. पतसंस्थांसाठी लागणारं एक जुनं जावा सॉफ्टवेअर आहे, ठेवी, कर्जं, पावत्या वगैरे, सगळं मराठीतून. टीममधले बाकी सगळे मॅकवर, मला मात्र विंडोजचं मशीन मिळालंय आणि आयटी विभागाने त्यात एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरची २०२१-१२ आवृत्ती घालून दिली आहे. ती बदलायची परवानगी नाही.

टीम लीडनी एक फोल्डर पाठवला. त्यात एक पीएसएफ फाईल (प्रोजेक्टची यादी), एक ईपीएफ फाईल (एक्लिप्सची सेटिंग्ज), फॉर्मॅटरची (कोडची मांडणी ठरवणारी) एक्सएमएल आणि "नवीन माणसासाठी" नावाचं वर्डचं डॉक्युमेंट. त्यात लिहिल्याप्रमाणे केलं : आधी फाईल → इम्पोर्ट → टीम → टीम प्रोजेक्ट सेट, मग जनरल → प्रेफरन्सेस, मग फॉर्मॅटर.

आता परिस्थिती अशी :
एकूण एक प्रोजेक्टवर लाल फुली. पावतीच्या जावा फाईलमधला मराठी मजकूर उघडला की रोमन अक्षरं आणि चलनाची चिन्हं दिसतात. आणि एका फाईलमध्ये एकच ओळ बदलून सेव्ह केली तर गिट (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) म्हणतं अख्खी फाईल बदलली.

लीड म्हणतात "आमच्याकडे तर चालतंय". कुठून सुरुवात करू?

सेमीकोलन
लाल फुल्या कितीही असोत, मूळ दुखणी दोन-तीनच असतात. विंडो → शो व्ह्यू → प्रॉब्लेम्स उघडा. त्यात "बिल्ड पाथ" प्रकारातल्या एरर शोधून इथे टाका. बाकीच्या हजार एरर त्यांची पिलावळ आहे, त्यांच्याकडे आत्ता बघूही नका.

टॅबवादी
ईपीएफ इम्पोर्ट केला म्हणता, नॉमिनी भरलात का? :)

रानजाई
सेमीकोलन, धन्यवाद. बहुतेक प्रोजेक्टना "अनबाउंड क्लासपाथ कंटेनर" आहे, पुढे "जावा एसई ८" आणि कंसात बिल्ड नंबर. एका प्रोजेक्टला वेगळीच आहे : एम२_रेपो खालची अमुक जार (लायब्ररीची फाईल) सापडत नाही.

टॅबवादी, नॉमिनी म्हणून टीम लीडचं नाव टाकावं म्हणते.

जुना खेळाडू
रानजाई, तुमच्या लीडनी पाठवलेल्या तीन फाईली तीन वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या आहेत. ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप सुटेल.

एक्लिप्समध्ये वर्कस्पेस वेगळं आणि प्रोजेक्ट वेगळा. वर्कस्पेसचं सगळं डॉट-मेटाडेटा (डॉट म्हणजे नावाआधीचं टिंब) नावाच्या फोल्डरात असतं. ते तुमचं, तुमच्या मशीनचं. ते कधी कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. प्रोजेक्टचं असतं ते त्याच्या स्वतःच्या फोल्डरात : डॉट-प्रोजेक्ट, डॉट-क्लासपाथ आणि डॉट-सेटिंग्ज हे फोल्डर. ते कोडबरोबर गिटमध्ये फिरतं.

पीएसएफ फाईलमध्ये ना कोड असतो ना सेटिंग. नोटपॅडमध्ये उघडून बघा, प्रत्येक प्रोजेक्टमागे एक ओळ : रेपॉझिटरीचा पत्ता, ब्रँचचं नाव, आतला फोल्डर. एवढंच. त्यामुळे ती जुनी झाली की जुन्याच ब्रँचवरून माल आणते आणि चकार शब्द काढत नाही. तुमच्याकडे कुठली ब्रँच चेकआउट झालीय ते आत्ताच तपासा. पत्त्यात कधीकधी ज्याने फाईल बनवली त्याचं युजरनेमही अडकून बसलेलं असतं, मग एक्लिप्स तुमच्याकडे भलत्याचाच पासवर्ड मागत राहतं.

आता अनबाउंड कंटेनर. प्रोजेक्टच्या डॉट-क्लासपाथ फाईलमध्ये जेआरई (जावा चालवणारा भाग) कंटेनरची ओळ शोधा. माझी पैज, तिच्यात "मॅकओएस-एक्स-टाइप" असं काहीतरी दिसेल आणि पुढे लीडच्या मशीनवरच्या जेडीकेचं (जावाच्या साधनसंचाचं) नाव, बिल्ड नंबरासकट. तुमच्या विंडोजवर तो प्रकारच अस्तित्वात नाही, मग बांधणार कशाला?

उपाय : प्रोजेक्टवर राइट क्लिक, बिल्ड पाथ → कॉन्फिगर बिल्ड पाथ → लायब्ररीज, जेआरई सिस्टम लायब्ररी निवडून एडिट. तिथे तीन पर्याय असतात. "अल्टरनेट जेआरई" सोडा, "एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट" घ्या आणि जावाएसई-१.८ निवडा. मग त्या ओळीत कुणाच्या मशीनचं नाव राहत नाही, फक्त "जावा ८ लागेल" एवढं राहतं. जावा ८ माझ्या मशीनवर कुठे आहे, हे प्रत्येकाने आपापल्या प्रेफरन्सेस → जावा → इन्स्टॉल्ड जेआरईज मध्ये सांगायचं.

हा बदल कमिट करा. मॅकवाल्यांचं काही बिघडणार नाही. झालंच तर पुढच्या जेडीके अपडेटला त्यांचाही त्रास वाचेल.

सेमीकोलन
काकांच्या म्हणण्यात एक भर. एक्लिप्स स्वतः कुठल्या जावावर चालतं आणि प्रोजेक्ट कुठल्या जावावर बांधला जातो, या दोन गोष्टींचा संबंध नाही. २०२०-०९ पासून एक्लिप्स चालायला जावा ११ लागतं, २०२२-०९ पासून १७. म्हणून लोक मशीनवर १७ टाकतात आणि प्रोजेक्टही त्याच्यावर ढकलतात. मग जॅक्सबीचे (एक्सएमएल हाताळणाऱ्या लायब्ररीचे) सगळे इम्पोर्ट लाल होतात, कारण जावा ११ मध्ये ते जेडीकेतून काढून टाकलं. जुन्या पतसंस्था सॉफ्टवेअरमध्ये एक्सएमएलची कामं असणारच. तेव्हा जेडीके ८ वेगळं टाका.

रानजाई
पैज जिंकलात! शब्दशः "मॅकओएस-एक्स-टाइप" आहे. आणि ब्रँचही जुनीच होती, मागच्या रिलीजची.

पेणकर
पीएसएफचं झालं. मला त्या ईपीएफबद्दल बोलायचंय, कारण खरा उपद्व्यापी तोच असतो.

ईपीएफ हीसुद्धा साधी टेक्स्ट फाईल आहे. एक्सपोर्ट करताना "एक्सपोर्ट ऑल"वर टिक ठेवली की ज्याने ती बनवली त्याच्या वर्कस्पेसमधलं झाडून सगळं येतं : जेडीकेचे पत्ते, प्रॉक्सी, फाँट, कीबोर्ड शॉर्टकट. मॅकवरचे पाथ विंडोजमध्ये आणून काय करणार? तुमच्या इन्स्टॉल्ड जेआरईज मध्ये जाऊन पाहा, लीडचं जेडीके दिसतंय का. दिसलं तर काढा.

उलट बाजूही लक्षात घ्या. त्यात फक्त मुद्दाम बदललेल्या गोष्टी येतात. जे डीफॉल्ट होतं ते फाईलमध्ये येतच नाही. म्हणजे लीडच्या मशीनवर एखादी गोष्ट आपोआप बरोबर असेल, तर ती तुम्हाला मिळाली नाही. तुमच्या मराठीचं गाडं तिथेच अडलंय असा माझा अंदाज आहे, पण त्यावर इथले अनुस्वार जास्त सांगतील.

माझं ऐकाल तर नवं रिकामं वर्कस्पेस उघडा आणि ईपीएफ पुन्हा इम्पोर्ट करू नका. द्यायचंच असेल तर लीडना सांगा, एक्सपोर्ट करताना नेमके दोन-तीन गट निवडून द्या. इम्पोर्ट करतानाही "इम्पोर्ट ऑल" काढून निवडता येतं, ते खिडकीत समोरच असतं पण कुणी बघत नाही.

जुना खेळाडू
नवं वर्कस्पेस करताय तर आणखी एक. पीएसएफच्या भानगडीत न पडता गिट क्लोन करा आणि मग इम्पोर्ट → एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इंटू वर्कस्पेस. त्या खिडकीत "कॉपी प्रोजेक्ट्स इंटू वर्कस्पेस" अशी टिक असते. ती करू नका. केली की प्रोजेक्टची प्रत वर्कस्पेसमध्ये जाते, तुम्ही तिच्यात काम करत राहता आणि गिटचा क्लोन बाजूला जसाच्या तसा. दिवसभर काम करून "कमिट करायला काहीच नाही" असं दिसलं की लोक घाबरतात.

यादीत एखादा प्रोजेक्ट फिकट दिसत असेल तर त्याच नावाचा दुसरा आधीच वर्कस्पेसमध्ये आहे. नाव फोल्डरचं नव्हे, डॉट-प्रोजेक्ट फाईलच्या आत लिहिलेलं धरलं जातं. कॉपी-पेस्ट करून बनवलेल्या मॉड्यूलमध्ये हे हमखास असतं.

रानजाई
केलं. नवं वर्कस्पेस, क्लोन, इम्पोर्ट, एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट. लाल फुल्या गेल्या, तो एम२_रेपोवाला एक सोडून. खूप आभार, काका आणि पेणकर.

मराठी अजून तसंच. एका फाईलमध्ये "मराठी" शब्दाच्या जागी टोपीवाले "ए", चलनाची चिन्हं आणि शेवटी चक्क येन आणि युरो आहेत. सेव्ह करायला गेले तर एक्लिप्स म्हणतं, काही अक्षरं सीपी१२५२ मध्ये बसत नाहीत, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करू का? करू ना?

अनुस्वार
थांबा!! ते बटण दाबू नका. दाबलं असेल तर गिट चेकआउट करून ती फाईल मूळ रूपात परत आणा आणि मग पुढचं वाचा.

फाईल यूटीएफ-८ मध्येच आहे आणि व्यवस्थित आहे. तुमचं एक्लिप्स ती सीपी१२५२ समजून वाचतंय. ही दोन्ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटचा. "मराठी" म्हणजे म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी असे पाच घटक, पंधरा बाइट. सीपी१२५२ मध्ये एक बाइट म्हणजे एक चिन्ह, म्हणून तुम्हाला पंधरा चिन्हं दिसतात. त्यातलं एक डोळ्यांना दिसत नाही कारण "ठ"चा शेवटचा बाइट तिथे न तुटणारी मोकळी जागा ठरतो. आणि दीर्घ वेलांटीचे शेवटचे दोन बाइट म्हणजे बरोब्बर येन आणि युरो.

आता सेव्ह का करायचं नाही. सीपी१२५२ मध्ये पाच बाइटना कुठलंच चिन्ह नेमलेलं नाही. आपल्या दुर्दैवाने पाय मोडायच्या खुणेचा, म्हणजे हलन्ताचा, शेवटचा बाइट त्यातला आहे. ऱ्हस्व उकाराचा, "ए"चा, "ऐ"चा आणि "झ"चाही. वाचतानाच त्यांच्या जागी "कळलं नाही" अशी खूण बसते आणि मूळ बाइट हरवतो. मग "यूटीएफ-८ मध्ये सेव्ह" केलं की तो कचराच नीट जपून ठेवला जातो. "मराठी" उलटं फिरवून परत मिळेल, पण "रक्कम", "व्याज", "हप्ता", "कर्ज" यातलं जोडाक्षर कायमचं गेलं. पतसंस्थेच्या पावतीत दुसरं असतं काय?

करायचं असं : फाईल सेव्ह न करता बंद करा. प्रोजेक्टवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → रिसोर्स, तिथे टेक्स्ट फाईल एन्कोडिंग "अदर"वर घेऊन यूटीएफ-८ निवडा. फाईल पुन्हा उघडा. मराठी दिसेल, आणि गिटला फाईल बदललेली दिसता कामा नये.

हे प्रोजेक्टच्या पातळीवर केलं की डॉट-सेटिंग्ज फोल्डरात रिसोर्सेसची एक प्रेफरन्स फाईल तयार होते, त्यात एन्कोडिंगची एक ओळ. ती कमिट करायची. माझी शंका अशी की तुमच्या टीमने डॉट-सेटिंग्ज गिटइग्नोअरमध्ये (गिटने सोडून द्यायच्या फाईलींच्या यादीत) टाकलंय. मॅकवर एक्लिप्स यूटीएफ-८ च धरतं, म्हणून त्यांना कधी गरजच पडली नाही. ईपीएफमध्येही ते आलं नाही, पेणकरांनी सांगितलंय त्याच कारणाने. विंडोजवर एक्लिप्सने नव्या वर्कस्पेससाठी यूटीएफ-८ डीफॉल्ट केलं ते २०२२-०६ मध्ये, तुमची आवृत्ती त्याच्या जेमतेम आधीची.

पेणकर
वा, अनुस्वार! येन-युरोचा हिशोब आज पहिल्यांदा कळला. इतकी वर्षं नुसता कचरा म्हणून बघत होतो.

रानजाई
गिटइग्नोअरमध्ये आहे!! डॉट-सेटिंग्ज, तारांकित. आणि जावा फाईली आता ठणठणीत दिसताहेत. पण मेसेजेसची प्रॉपर्टीज फाईल उघडली तर तिथे तसाच कचरा, फक्त युरोच्या जागी रिकामा चौकोन.

अनुस्वार
तो चौकोनच सांगतोय की इथे सीपी१२५२ नाही, आयएसओ-८८५९-१ लागलंय. एक्लिप्स प्रॉपर्टीज फाईलींना प्रोजेक्टचं एन्कोडिंग लावत नाही, त्यांच्यासाठी कंटेंट टाइपमध्ये वेगळं ठरलेलं असतं. त्यालाही कारण आहे : जावा ८ पर्यंत रिसोर्स बंडल ती फाईल आयएसओ-८८५९-१ म्हणूनच वाचायचं. जावा ९ पासून यूटीएफ-८ वाचतं.

म्हणजे तुमच्या जावा ८ च्या प्रोजेक्टमध्ये कुणीतरी कच्ची देवनागरी प्रॉपर्टीज फाईलमध्ये लिहून ठेवलीय. चालतेय कशी ते बघा, बहुधा कोडमध्ये वेगळा रीडर लावला असेल. तसं असेल तर त्या एका फाईलवर राइट क्लिक → प्रॉपर्टीज → यूटीएफ-८, तीही नोंद त्याच प्रेफरन्स फाईलमध्ये जाते. तसं नसेल तर अक्षरांऐवजी यू-०९२ई अशा उलट्या तिरप्या रेघेच्या नोंदी हव्यात. एक्लिप्सचा प्रॉपर्टीज एडिटर टाइप करताना ते आपोआप करतो.

रानजाई
स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कचा मेसेज सोर्स आहे, त्यात डीफॉल्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ दिलंय. म्हणजे पहिला पर्याय. झालं!

टॅबवादी
आता माझा विषय. "एकच ओळ बदलली आणि अख्खी फाईल बदलली." प्रेफरन्सेस → जावा → एडिटर → सेव्ह अ‍ॅक्शन्स बघा. "फॉर्मॅट सोर्स कोड" आणि त्याखाली "ऑल लाइन्स" असणार. "एडिटेड लाइन्स" करा, तूर्तास सुटाल.

आणि फॉर्मॅटरमध्ये टॅब आहेत की स्पेस ते सांगा. स्पेस असतील तर माझी सहानुभूती मागे घेतो.

सेमीकोलन
टॅब्या, तू सुरू होऊ नकोस. आधी ओळींच्या शेवटाचं बघा, तेही कारण असू शकतं. विंडोजवर गिट इन्स्टॉल करताना ऑटो-सीआरएलएफ (ओळीच्या शेवटाच्या खुणा आपोआप बदलणं) चालू-बंद काहीही निवडलेलं असतं. रेपॉझिटरीत गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाईल टाकून त्यात "सगळ्या टेक्स्ट फाईली, ऑटो" अशी ओळ लिहिली की कुणाच्या मशीनवर काय निवडलंय याला महत्त्व उरत नाही.

मिरजमधून
इथे सगळे एक्लिप्सवाले दिसताहेत. आमच्याकडे अर्धी टीम इंटेलिजे या दुसऱ्या आयडीईवर (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरवर) आहे, अर्धी एक्लिप्सवर. फॉर्मॅटरची तीच एक्सएमएल इंटेलिजेतही घेता येते : सेटिंग्ज → एडिटर → कोड स्टाइल → जावा, गिअरचं चिन्ह → इम्पोर्ट स्कीम → एक्लिप्स एक्सएमएल प्रोफाइल. पण तंतोतंत जुळत नाही. लांब ओळी कुठे मोडायच्या यावर दोघांचं पटत नाही, आणि मग एकाने फाईल उघडून सेव्ह केली की दुसऱ्याचं पुन्हा उलटं. आमच्याकडे कमिटच्या इतिहासात निव्वळ हाच खेळ चालायचा.

शेवटी फॉर्मॅटिंग आयडीईच्या हातातून काढून मेव्हन या बिल्ड साधनाला दिलं. स्पॉटलेस नावाचं प्लगइन आहे, त्याला एक्लिप्सचीच एक्सएमएल देता येते. कमिटच्या आधी एक कमांड, कुणी कुठल्याही एडिटरात लिहो. आणि सगळी फॉर्मॅटिंग एकदाच केली तो कमिट गिट-ब्लेमच्या (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणाऱ्या कमांडच्या) दुर्लक्ष यादीत टाकला (गिट २.२३ पासून ती सोय आहे), नाहीतर प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं.

इंटेलिजेत काय सामायिक करायचं हे ते बनवणाऱ्या जेटब्रेन्सनेच सांगून ठेवलंय : डॉट-आयडिया फोल्डर द्या, पण त्यातली वर्कस्पेस एक्सएमएल, वापराच्या आकडेवारीची फाईल आणि शेल्फ फोल्डर नको. मेव्हन किंवा ग्रेडलचा प्रोजेक्ट असेल तर आयएमएल फाईलीही नकोत, त्या बिल्ड फाईलवरून बनतात.

घाटावरचा
मला तर मुळात हे सगळं कमिट करणंच पटत नाही. डॉट-क्लासपाथ, डॉट-आयडिया, कशाला? मेव्हन आहे ना? पॉममध्ये (मेव्हनच्या प्रोजेक्ट फाईलमध्ये) जावाची आवृत्ती लिहा, सोर्स एन्कोडिंग लिहा. इम्पोर्ट → एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स करा, एक्लिप्स स्वतःच्या फाईली स्वतः बनवेल. बदल झाला की ऑल्ट-एफ५. आमच्या रेपॉझिटरीत आयडीईची एकही फाईल नाही आणि कुणाचं काही अडत नाही.

जुना खेळाडू
घाटावरचे, तुमचं म्हणणं नव्या प्रोजेक्टसाठी सोळा आणे खरं. पॉममधलं सोर्स एन्कोडिंग मेव्हनचं प्लगइन एक्लिप्सला लावतंही. पण रानजाईंच्या प्रोजेक्टपैकी एकाच्याच क्लासपाथमध्ये एम२_रेपो आहे. म्हणजे कुणीतरी फार पूर्वी मेव्हनच्या "एक्लिप्स-एक्लिप्स" कमांडने ती फाईल बनवून कमिट केली. बाकीच्यांच्या लिब फोल्डरात जार पडलेल्या असणार. अशा घरात डॉट-क्लासपाथ हीच बिल्ड फाईल असते. ती काढली तर उरतं काय?

आणि पॉममधून न येणाऱ्या गोष्टीही आहेत. कंपायलरने कुठल्या वॉर्निंगला एरर मानायचं, नल तपासणी किती कडक, हे जेडीटीच्या (एक्लिप्समधल्या जावा साधनांच्या) प्रेफरन्स फाईलमध्ये असतं. ते टीमने ठरवलं असेल तर गिटमध्येच हवं.

घाटावरचा
ठीक, लिब फोल्डरवाल्यांसाठी मान्य. पण डॉट-सेटिंग्जमध्ये प्लगइन मनाला येईल ते लिहीत असतात. सरसकट कमिट करू नका, फाईल बघून करा. जेडीटी कोर, जेडीटी यूआय आणि रिसोर्सेस, बस.

जुना खेळाडू
यावर सही करतो.

रानजाई, त्या एम२_रेपोवाल्याचं : तुमच्या मशीनवर मेव्हनचा लोकल साठा रिकामा आहे म्हणून जार सापडत नाही. एकदा कमांड लाइनवरून मेव्हन चालवलंत तर तात्पुरतं भागेल. पण त्या प्रोजेक्टला पॉम आहेच, तर राइट क्लिक → कॉन्फिगर → कन्व्हर्ट टू मेव्हन प्रोजेक्ट करा आणि क्लासपाथमधल्या त्या जुन्या ओळी उडवा.

ठाण्याचा_फायरवॉल
दुसरी एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. आयात केलेलं कॉन्फिगरेशन म्हणजे नुसत्या आवडीनिवडी नसतात, त्यात चालवायच्या कमांड असतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये डॉट-व्हीएसकोड फोल्डरातल्या टास्कला "फोल्डर उघडताच चालव" असं सांगता येतं. एक्लिप्सच्या डॉट-प्रोजेक्टमध्ये बाहेरचा प्रोग्राम बिल्डर म्हणून लावता येतो. ग्रेडल प्रोजेक्ट आयात करायचा म्हणजे त्याची स्क्रिप्ट चालवायचीच. व्हीएस कोडने २०२१ मध्ये "या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का" हा प्रश्न विचारायला सुरुवात केली ती उगाच नाही. आपण सगळे त्यावर न वाचता "हो" दाबतो.

ऑफिसच्या रेपॉझिटरीत ठीक आहे. पण मुलाखतीच्या आधी "हा प्रोजेक्ट उघडून चालवून दाखवा" म्हणून अनोळखी माणूस झिप पाठवतो, ते उघडताना विश्वास नाकारा आणि आधी त्या लपलेल्या फाईली वाचा. नोकरीच्या नावाखाली असे सापळे लावले जातात.

पेणकर
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या भाचीला असा एक "प्रोजेक्ट" आला होता. तिला हा धागा पाठवतो.

सागरकिनारी
एवढं सगळं करण्यापेक्षा डेव्ह कंटेनर का नाही? जेडीके, मेव्हन, एन्कोडिंग, सगळं एका फाईलमध्ये, नवा माणूस आला की कंटेनर उघडला की झालं.

सेमीकोलन
सागरकिनारी, ज्या आयटी विभागाने एक्लिप्सची आवृत्ती बदलू दिली नाही तो डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकू देईल? शिवाय डॉकर डेस्कटॉपला मोठ्या कंपन्यांत पैसे मोजावे लागतात, २५० च्या वर कर्मचारी किंवा वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर उलाढाल असेल तर. आणि एक्लिप्समध्ये ती सोय व्हीएस कोडइतकी सुटसुटीत नाही. नव्या प्रोजेक्टला मात्र मीही तेच करेन.

रानजाई
मंडळी, अपडेट. लीडशी बोलले. सुरुवातीला "इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही" झालं, पण "रक्कम"चं जोडाक्षर कसं जातं ते त्यांना माझ्या स्क्रीनवर दाखवलं तेव्हा त्यांनी गिटइग्नोअर स्वतः उघडलं. डॉट-सेटिंग्जमधल्या घाटावरचे म्हणतात त्या तीन फाईली आत आल्या, एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटचा बदल मर्ज झाला, गिट-अ‍ॅट्रिब्यूट्सही. ईपीएफ आणि पीएसएफ दोन्ही डॉक्युमेंटमधून गेले. स्पॉटलेसवर "पुढच्या रिलीजनंतर बघू" म्हणाले. फॉर्मॅटरमध्ये टॅब आहेत, टॅबवादींनी सहानुभूती परत द्यावी.

एक शेवटचं. अ‍ॅप्लिकेशन चालवायची रन कॉन्फिगरेशन प्रत्येकजण एकमेकांकडून स्क्रीनशॉट मागून बनवतो. ती सामायिक करता येते का? त्यात डेटाबेसचा पासवर्ड व्हीएम आर्ग्युमेंटमध्ये आहे, हीच अडचण आहे.

टॅबवादी
दिली. व्याजासकट.

सेमीकोलन
येते. रन कॉन्फिगरेशन्समध्ये ती निवडा, कॉमन टॅबवर "सेव्ह अ‍ॅज"मध्ये "शेअर्ड फाईल" करून प्रोजेक्टमधलाच एखादा फोल्डर द्या. डॉट-लाँच नावाची फाईल बनते, ती कमिट करा. प्रोजेक्ट इम्पोर्ट केला की कॉन्फिगरेशन यादीत आपोआप येतं.

कमिट करण्याआधी ती टेक्स्ट एडिटरात उघडून दोन गोष्टी बघा. सी ड्राइव्ह किंवा यूजर्सपासून सुरू होणारे पाथ असतील तर त्या जागी "प्रोजेक्ट लोकेशन" हे व्हेरिएबल टाका, आर्ग्युमेंटच्या चौकटीखाली "व्हेरिएबल्स" बटण आहे त्यातून मिळतं. पासवर्डच्या जागी त्याच यादीतलं "एन्व्ह-व्हार" घ्या आणि प्रत्येकाने आपल्या मशीनवर त्या नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवायचा. तो ठेवल्यावर एक्लिप्स बंद करून पुन्हा उघडा, चालू असलेल्या एक्लिप्सला नवा व्हेरिएबल दिसत नाही.

आणि तो पासवर्ड आधी कधी गिटमध्ये गेला असेल तर पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सांगून बदलूनच घ्या.